नकाशा कापणारी करवत

आई,

परवा नोएडात एका यंत्रांच्या दुकानात मी चहाचा भरलेला ग्लास बँड सॉच्या, म्हणजे पट्टीच्या करवतीच्या, टेबलावर ठेवला आणि दुकानदाराला म्हटलं, आता चालू करा. त्यानं बटण दाबलं. चहा थरथरला, कडेपर्यंत चढला आणि टेबलावर सांडला. मी म्हटलं, "ये नहीं चाहिए, दूसरी दिखाइए." टेबल पुसता पुसता त्यानं विचारलं, "मैडम, ये किसने सिखाया आपको?" मी म्हटलं, "माँ ने." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. परतताना मेट्रोत बसल्या बसल्या मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलायला लागले ती अजून थांबलेली नाही. घरात हे सगळं मराठीत ऐकून घेईल असं आता कोणी उरलं नाही. मुलांना करवत म्हटलं तर कळत नाही, आरी म्हणावं लागतं. म्हणून लिहितेय.

आपण दिल्लीतच द्वारकेला राहायला आलो ते दिवस आठवतात तुला? सरकारी क्वार्टर सोडून सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. निम्मे टॉवर रिकामे, वाळूचे ढीग, पाण्याचा टँकर आला की बादल्यांची पळापळ, आणि डोक्यावरून इतक्या खालून जाणारी विमानं की बोलणं मध्येच थांबवावं लागायचं. मेट्रो तेव्हा नुसती ऐकीव होती. तू मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर, अजून नोकरीत. मी नोएडाला एका नव्या कंपनीत लागलेली, रोज चार्टर्ड बसनं दिल्ली आडवी ओलांडून जाणारी. आणि बाबा नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले त्यांनी. नव्या घराचाही त्यांनी नकाशा काढला होता, कुठे कपाट, कुठे तुझं शिवणयंत्र, कुठल्या भिंतीला किती जागा सोडायची. खोकी उघडायच्या आधीच एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले आणि उठलेच नाहीत. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय काही आठवड्यांनी थोडा आला. हात आणि शब्द येईनात.

सरकारी हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट मॅडम तरुण होत्या, मनापासून काम करायच्या. त्यांनी बाबांसमोर लाकडी कोड्याची पाटी ठेवली. बदक, चेंडू, सफरचंद. उजव्या हातानं उचलायचं आणि आपापल्या खाचेत बसवायचं. बाबांनी बदकाकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं ते बदक टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेऊन खाली पाडलं. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मॅडम खजील झाल्या. म्हणाल्या, मोठ्या माणसांसाठी असं काही मिळतच नाही, सगळं मुलांचंच असतं. तू वाद घातला नाहीस, तक्रारही केली नाहीस. तू फक्त विचारलंस, "टुकड़े कैसे होने चाहिए?" त्यांनी सांगितलं, जाड हवेत, मुठीत भरतील असे, पण जड नकोत, आणि प्रत्येकाचा आकार वेगळा हवा. ऑफिसात एखाद्या फाइलीवरचा शेरा वाचावा तसं तू ते ऐकून घेतलंस. संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं मध्येच थांबलं. तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "नकाशा. यांना नकाशा द्यायला हवा."

माझ्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाची फ्रेट सॉ, ती हाताची बारीक करवत, माळ्यावरच्या खोक्यातून निघाली. नोएडाच्या बाजारात बाहेरदेशच्या यंत्रांची खोकी फोडून त्यांच्या फळ्या विकायला ठेवलेल्या असायच्या, हलक्या पाइनच्या. त्या मी चार्टर्ड बसमधून सहप्रवाशांच्या पायांत ठेवून आणल्या. तू त्या चिकटवून दोन बोटं जाड पाट केलास, त्यावर महाराष्ट्र उतरवून घेतलास आणि कापायला बसलीस. ती करवत पातळ प्लायवूडसाठी. दोन बोटं जाड लाकडात तिची पाती तुटायची, तू नवी लावायचीस, ती तुटायची. दोन रविवार गेले आणि मुंबईपासून श्रीवर्धनपर्यंतचा किनारा तेवढा झाला. तुझं मनगट सुजलं. हळद लावून तू ऑफिसला गेलीस आणि डाव्या हातानं सह्या केल्यास. सोमवारी पुन्हा हॉस्पिटल. तिथे कृत्रिम पाय बनवायचा विभाग शेजारीच होता, दार उघडं होतं, आणि आतून एक सलग, घोगरा आवाज येत होता. तू दारात जाऊन उभी राहिलीस.

तिथे तू पहिल्यांदा बँड सॉ पाहिलीस. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोघांवरून शिलाई यंत्राच्या पट्ट्यासारखी फिरणारी दातेरी पात्याची अखंड पट्टी. मधल्या टेबलावर माणूस लाकूड धरतो आणि पुढे सरकवतो, वळवतो. लाकूड इकडेतिकडे फिरतं, करवत जागेवरच. तिथल्या मास्तरांनी एका जाड ठोकळ्यातून घोट्याची गोलाई अशी काढली की मी बघतच राहिले. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "करंजीला कातणं फिरवतो ना, तसंच आहे. फक्त इथे कातणं थांबलंय आणि करंजी फिरतेय." त्या एका वाक्यात तुला ते यंत्र सगळं कळलं असं मला अजून वाटतं. मास्तरांना विनंती करून त्यापुढच्या काही दुपारी, बाबांचा व्यायाम चालू असताना, तू तिथे टाकाऊ ठोकळ्यांवर हात बसवलास. पन्नाशी ओलांडलेली, साडीचा पदर कमरेला खोचलेली सेक्शन ऑफिसर. सगळे आधी गंमत म्हणून बघायचे, मग बघेनासे झाले.

मग सुरू झाल्या आपल्या शनिवारच्या फेऱ्या. बाबांजवळ शेजारच्या काकू बसायच्या, आपल्याच विदर्भातल्या, आणि आपण दोघी बसनं चावडी बाजारात. तिथल्या पहिल्या दुकानात मालक तुझ्याशी नाही, माझ्याशी बोलत होता, कारण मी पँट घातली होती. तू विचारलंस, छोटी बँड सॉ आहे का. तो म्हणाला, "बहनजी, फर्नीचर बनवाना है तो मिस्त्री भेज देता हूँ." तू म्हणालीस, "मिस्त्री मैं ही हूँ." इतक्या साधेपणानं की त्याला हसताही येईना. त्याच्याकडची यंत्रं माणसापेक्षा उंच होती, बिडाची, फॅक्टरीची वीज लागणारी. कीर्ती नगरला गेलो, तिथेही तेच. छोट्या म्हणून ज्या दाखवल्या त्या पत्र्याच्या, बघायला सुबक. एका दुकानात मालकानं आपल्यासाठी चहा मागवला. तू तो प्यायली नाहीस. भरलेला ग्लास यंत्राच्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "अब चलाइए." चहा नाचायला लागला. तू माझ्याकडे वळलीस, "टेबल हललं की रेघ हलते. रेघ हलली की सातारा सांगलीत जातो." दुकानदाराला मराठी कळत नव्हतं, पण निकाल कळला. त्यानं गुपचूप यंत्र बंद केलं.

खरं तर मला तेव्हा तुझा कंटाळा यायला लागला होता. मला वाटायचं, एवढं काय, एक यंत्र घ्यायचंय, घेऊन टाकावं. तुला मात्र प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न पडायचे, आणि आता मी स्वतः तेच विचारत फिरतेय तेव्हा कळतं की त्यातला एकही वायफळ नव्हता. पट्टी आणि मागचा खांब यांत अंतर किती? पाट गोल फिरवायला जागा पाहिजे, नाहीतर नागपूर कापताना कोकण खांबाला धडकणार. पट्टी किती अरुंद लावता येते? अरुंद असेल तितकं वळण बारीक. घरच्या विजेवर चालेल का? आवाज किती? आणि सगळ्यांत आधी, पट्टी तुटली तर दुसरी कुठे मिळेल? यंत्र एकदाच घ्यायचं असतं, पट्टी मात्र पुन्हा पुन्हा लागते, हे तू पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस.

प्रगती मैदानावरच्या प्रदर्शनात आपल्याला ती निळी बँड सॉ दिसली. बाहेरदेशची, टेबलावर मावणारी, गाडीसारखी चकचकीत. टाय लावलेला मुलगा इंग्रजीत माहिती सांगत होता. मला नुकतीच पहिली पगारवाढ मिळाली होती, आणि मी मनात ठरवूनच आले होते की आईला ही मी घेऊन देणार. तिच्यात दोनच्या जागी तीन चाकं होती, लहान लहान, त्यामुळे अंग आटोपशीर. तू झाकण उघडायला लावलंस. चाकांवर बोट फिरवलंस. म्हणालीस, "छोटे पहिये पर पट्टी ज़्यादा मुड़ेगी. जल्दी टूटेगी ना?" मुलगा म्हणाला, कंपनी नवी पाठवेल. "कहाँ से?" तो म्हणाला, तायवानहून. "कितने दिन में?" तो हसला. मी मध्येच म्हटलं, "आई, घेऊ या ना. माझ्याकडून आहे." तू माझ्याकडे वळलीस आणि त्या गर्दीत, त्या मुलासमोर, आवाज न चढवता म्हणालीस, "तुला मला काहीतरी द्यायचंय, की यांना बरं करायचंय? आधी ते ठरव."

आपण परत निघालो. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. धौला कुआँपाशी बस खोळंबली तेव्हा तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. म्हणालीस, "मला आवडलं तुला द्यावंसं वाटलं ते. पण ते मशीन तीन महिन्यांत बंद पडून घरात उभं राहील, आणि हे रोज त्याच्याकडे बघतील. यांच्यासमोर आणखी एक बंद पडलेली वस्तू मला ठेवायची नाही." मी तरीही फुगलेलीच होते. मग तू म्हणालीस, "मला एक चांगला दिवा घेऊन दे. वाकवता येतो तसा. रेघ दिसली पाहिजे." दुसऱ्याच दिवशी नोएडातून मी तो आणला. नव्याला तू नाकं मुरडायचीस असं नाही. केबल टीव्ही आपल्या मजल्यावर सगळ्यांत आधी तू घेतलास, मायक्रोवेव्हचं माहितीपुस्तक तू दोनदा वाचलंस. एखादी वस्तू नवी आहे एवढ्यावर तुझं भागत नव्हतं, इतकंच. त्या वर्षांत आमच्या पिढीला नेमकं तेवढंच पुरत होतं.

तुझी बँड सॉ शेवटी मिळाली ती नोएडातच, माझ्या ऑफिसपासून दोन सेक्टर पलीकडे. टीव्हीची लाकडी खोकी बनवणारा छोटा कारखाना होता. टीव्ही प्लास्टिकचे झाले आणि कारखान्याचं काम संपलं. मालक म्हातारे पंजाबी गृहस्थ, सगळे त्यांना बाऊजी म्हणायचे. अर्ध्या शेडमधली यंत्रं गेलेली, जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन उरलेले. कोपऱ्यात एक कमरेएवढी बँड सॉ उभी होती, देशी, बिडाच्या अंगाची, गोल कोपरे कापायला ठेवलेली. बाऊजी म्हणाले, चालते पण पट्टी डोलते, कबाडीवाला उद्या येणार आहे. तू पर्स माझ्याकडे दिलीस. झाकण उघडलंस, हातानं चाक फिरवलंस, वाकून बराच वेळ बघत राहिलीस. चाकावर रबराची धाव असते, तिच्यावर पट्टी बसते. ती एका ठिकाणी झिजून गेली होती. तू बोटानं दाखवलंस, "मशीन ठीक है. इसका जूता घिस गया है." बाऊजी खाली वाकले, पाहिलं, आणि पहिल्यांदाच तुझ्याकडे नीट बघत म्हणाले, "घर में इसका क्या करेंगी आप?"

"मेरे पति को नक्शा जोड़ना है," तू म्हणालीस, आणि सगळं सांगितलंस. बदकासकट. बाऊजी ऐकत राहिले. नंतर म्हणाले, लाहोरहून आम्ही आलो तेव्हा माझ्या वडिलांचंही बोलणं असंच गेलं होतं, त्यांच्याकडे कोणी काही आणलं नाही. मग त्यांनी स्वतः यंत्र चालू करून दिलं आणि तू लाकडाच्या एका तुकड्यावर पेन्सिलीनं काढून आणलेली वळणदार रेघ कापलीस. पट्टी डोलत होती तरी तू रेघ सोडली नाहीस. एवढं सगळं झाल्यावर तू घासाघीसही केलीस, यानं मला तेव्हा विलक्षण संकोचल्यासारखं झालं होतं. बाऊजींना मात्र ते आवडलं. टेम्पोत यंत्र चढवताना ते मला म्हणाले, "बेटा, कबाड़ी भी इतना ठोक-बजाकर नहीं देखता." चाकांना नवं रबर तू सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवलंस. तसं करता येतं हे तू कुठल्याशा ग्रंथालयात जाऊन वाचून आली होतीस. पट्ट्या चावडी बाजारात मापानं कापून जोडून मिळायच्या, त्याची चौकशी तर तू यंत्र मिळायच्या आधीच करून ठेवली होतीस.

मागच्या बाल्कनीत ती बसली. पहिल्या शनिवारी सकाळी तू बाबांचा ऑफिसचा जुना शर्ट घातलास, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्यास, मंगळसूत्र आत सारलंस, आणि हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्यास. नेमक्या त्याच वेळी काकू वाटीभर विरजण मागायला आल्या. तुझे मोकळे हात पाहून त्या दारातच थबकल्या. "अहो, भाऊजी असे अंथरुणावर, आणि तुम्ही बांगड्या उतरवता?" त्या खरोखर घाबरल्या होत्या, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तू म्हणालीस, "बांगडी पट्टीत अडकली तर हात जाईल, काकू. माझा हात गेला तर यांना भरवणार कोण?" काकूंनी दाराशी चप्पल काढली. मग आत आल्या, खिडकीतल्या बांगड्या उचलून देवापुढे ठेवल्या, आणि म्हणाल्या, "इथे राहू देत तुमचं होईपर्यंत." दर शनिवारी मग हे असंच चालायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवाजाची तक्रार आणली तेव्हा तुझ्याआधी काकूच त्यांच्याशी भांडल्या.

महाराष्ट्र कुठून कापायला घ्यायचा याचा तू आठवडाभर विचार केलास. बँड सॉला मधलं भोक पाडता येत नाही, कडेकडूनच आत शिरावं लागतं. त्यामुळे आधी बाहेरचे जिल्हे सोडवायचे, गुंतलेला दोरा सोडवावा तसे, म्हणजे आतला प्रत्येक आपोआप कडेचा होतो. तू पूर्वेकडून सुरू केलंस. मी दिव्याचा प्रकाश रेघेवर धरून उभी होते. घोगरा आवाज, पाइनच्या भुशाचा वास, आणि तुझे हात, पट्टीपासून नेहमी सारखंच अंतर ठेवून चालणारे, ना भीत, ना घाई करत. आत पलंगावर बाबा. तुकडे पॉलिश पेपरनं घासून तू ताटात भरून त्यांच्यापुढे ठेवलेस. बाबांनी ताटाकडे पाहिलं. कितीतरी वेळ. मग त्यांचा उजवा हात चादरीवरून सरकत निघाला, एखादं जड ओझं ओढत आणावं तसा, आणि रत्नागिरीवर येऊन थांबला. बोटं मिटली. तुकडा उचलला गेला. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की मला दुखलं.

बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, आवाज आला नाही, पुन्हा हलले. आणि आजारपणानंतरचा पहिला अख्खा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला, तोही रागानं. "सिंधुदुर्ग." मला कळेना. तुला कळलं. तू कपाळावर हात मारलास. ज्या जुन्या नकाशावरून तू रेघ उतरवली होतीस त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकच होते. बाबांना चूक सापडली होती. चुकीचा नकाशा त्यांनी जन्मात कधी हाताबाहेर जाऊ दिला नव्हता, तो आताही जाऊ देणार नव्हते. "थांबा हं," तू म्हणालीस, त्यांच्या हातातून तुकडा घेतलास, बाल्कनीत गेलीस. यंत्र सुरू झालं, थांबलं. परत येऊन तू दोन तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवलेस. त्यांनी मान हलवली, ऑफिसात कनिष्ठाचं काम पास करावं तशी. त्या जुन्या नकाशात नसलेले जालना, लातूर आणि गडचिरोलीही पुढे त्यांनी असेच वेगळे करून घेतले. तू स्वयंपाकघरात गेलीस आणि नळ मोठा सोडलास. मी आत आले नाही. तुला एकटं राहायचं होतं हे मला कळलं होतं.

त्यानंतर बाबांचे शब्द आले ते जिल्ह्यांच्या वाटेनं. आमटी तिखट झाली की ते म्हणत, "कोल्हापूर." केळं हवं असलं की "जळगाव", संत्रं हवं असलं की "नागपूर", थंडी वाजली की "सोलापूर", आणि आपण चादर द्यायचो. थेरपिस्ट मॅडमना आपण हे हिंदीतून समजावलं तर त्या डोळे पुसत हसल्या. भूकंप झालेल्या लातूरचा तुकडा मात्र ते बसवायच्या आधी हातात जरा जास्त वेळ धरायचे. त्याचा त्यांनी कशासाठीच उपयोग केला नाही. उजवा हात पूर्ण कधीच सुधारला नाही, पण चमचा धरण्याइतका आला, आणि भरवून घेणं संपलं. एका दुपारी रेडिओवर बातमी आली की नंदुरबार आणि वाशिम वेगळे जिल्हे झाले. बाबांनी धुळ्याचा आणि अकोल्याचा तुकडा शोधून काढला आणि तू ऑफिसातून आल्या आल्या तुझ्यापुढे धरला. चहासुद्धा घेऊ दिला नाही. शनिवार नव्हता तरी त्या संध्याकाळी यंत्र चाललं, आणि सेक्रेटरींनी काही म्हटलं नाही.

हॉस्पिटलात बातमी पसरली. एका सरदारजींना पंजाबच्या नद्या हव्या होत्या, तू निळा रंग देऊन वळणं कापून दिलीस. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका बंगाली बाईंना दुर्गेचा मुखवटा, तुकड्यातुकड्यांत. घरात लेकीसुनांनी नुसतं बसवून ठेवलेल्या एका आजींना तू पोळपाट, तवा, वाट्या असं अख्खं स्वयंपाकघर जाड लाकडात कापून दिलंस. प्रत्येकाला आधी विचारायचीस, तुम्ही आयुष्यभर काय केलंत? मग कापायला बसायचीस. मी त्या काळात मीटिंगमध्ये "ग्राहकाची गरज" असे शब्द वापरायला शिकत होते, मोठ्या पगारावर. त्यांचा अर्थ आपल्या बाल्कनीत कळत होता.

बाबा गेल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की तू यंत्र काढून टाकशील. मामा तर गिऱ्हाईकही बघून आला. तू म्हणालीस, राहू दे. डोळे साथ देईनासे झाले तेव्हा मात्र कोणाला न विचारता टेम्पो बोलावून तू ते हॉस्पिटलातल्या मास्तरांकडे पोचवलंस, जादा पट्ट्या आणि मी दिलेल्या दिव्यासह. घरी आल्यावर दहाही बोटं माझ्यासमोर पसरलीस आणि म्हणालीस, "बघ, सगळी आहेत." किती अभिमान होता तुझ्या चेहऱ्यावर. नोकरीतल्या कुठल्याही बढतीचा मी तेवढा पाहिला नव्हता. ती सगळी बोटं घेऊनच तू गेलीस, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत, एका साध्या तापात.

आता मीही निवृत्त झालेय. गेले दोन महिने मी इंटरनेटवर बँड सॉ बघतेय, शेकड्यांनी आहेत, प्रत्येकीखाली लोकांची मतं, तारे, तक्रारी. दुकानंही पालथी घातली. शेवटी परवाच्या त्या दुकानात कोपऱ्यातली एक घेतली, देशी बांधणीची, दोन चाकांची, आणि तिची पट्टी अजूनही चावडी बाजारात मापानं मिळते. ती काल घरी आली. बाल्कनीत आहे, जोडून झालीय, आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघत हे लिहितेय. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. लिहून झालं की टेबलाच्या खणात जाईल.

एक गोष्ट मात्र तुला सांगून टाकते. दुकानदारानं विचारलं, काय बनवणार, तर मी म्हटलं, नातवंडांसाठी खेळणी. घरातही तेच सांगितलंय. नातवंडं मेलबर्नला आहेत, ती खेळणी मागत नाहीत, आणि मी ती करणारही नाही. घरात कोणी आजारी नाही, कोणाला माझी गरज पडलेली नाही. मला नुसतं लाकूड कापायचंय, आई. माझ्या स्वतःसाठी, काही कारण नसताना. आणि हे मोठ्यानं म्हणायला मला अजून लाज वाटते.